आठ आठवड्यांत लाकूड वाळत नाही

लाकडावर काम करणाऱ्या कलावंतांच्या आंतरराष्ट्रीय रेसिडेन्सींबद्दल वाचलं की 'प्रेरणा' आणि 'देवाणघेवाण' हे शब्द हटकून भेटतात. मी लेथवाली, म्हणजे यंत्रावर फिरणारं लाकूड हत्याराने कातून गोल भांडी करणारी. माझं लक्ष आधी जातं ते मुक्कामाच्या तारखांकडे.

फिलाडेल्फियाच्या वुड टर्निंग सेंटरने 1995 साली इंटरनॅशनल टर्निंग एक्स्चेंज सुरू केलं. देशोदेशीचे कलावंत उन्हाळ्यात एकत्र राहून काम करणार, सोबत एक अभ्यासक आणि एक फोटोग्राफर. बरीच वर्षं हा मुक्काम आठ आठवड्यांचा असे. जाड लाकूड हवेवर वाळायला इंचामागे साधारण वर्ष धरतात. म्हणजे तिथे जाऊन ताजा ओंडका उचललात, तर तो ओलाच कातायचा!

ओलं लाकूड कातण्यात मजा भारी. पाण्याचे शिंतोडे चष्म्यावर, शर्टावर ओली सरळ रेघ, आणि लांबच लांब ढलप्या. वाडग्याची भिंत दोन-तीन मिलिमीटरवर आली की तिच्यातून दिव्याचा उजेड झिरपायला लागतो. मग वाडगा नुसता ठेवून द्यायचा. वर्षवलयांच्या दिशेने लाकूड जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्याकडून सालीकडे आकसतं. त्यामुळे गोल तोंड लंबगोल होतं, काठ वर-खाली होतो. जाडी कुठे कमी-जास्त राहिली असेल तर तडाही जातो.

अशा वाडग्यावर झाकण बसत नाही, पण शिल्प म्हणून तो उभा राहतो. मात्र वाकडं झालं म्हणजे कला झाली, हे मला मान्य नाही. ओंडका कापतानाच गाभा कुठे ठेवायचा हे ज्याने ठरवलं, त्याचा वाक खरा; बाकीच्यांचा निव्वळ योगायोग.

पुढे या रेसिडेन्सीत फर्निचरवाले आले, शिल्पकार आले. 2011 मध्ये संस्थेने नावातलं 'टर्निंग', म्हणजे लेथवरचं कातकाम, हेही काढलं. आता ती म्युझियम फॉर आर्ट इन वुड आहे. आम्हा लेथवाल्यांना ते थोडं लागलंच. पण शेजारच्या टेबलावर कुणी कातीव भांडं करवतीने उभं चिरून पुन्हा जोडताना दिसलं, की गोलाईचा हट्ट आपोआप सैल होतो, हेही खरं.

अर्ज करणार असाल तर मानधनाआधी विचारा: लाकूड कुठलं, कधी तोडलेलं, आणि तयार काम घरी कसं न्यायचं? सालीसकट लाकूड ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर अडवतात.