बाबांची धापेवाड्याची वारी

बाबांना पंढरपूरची पायी वारी कधी जमली नाही. आळंदीहून निघालं की अडीचशे किलोमीटर आणि जवळजवळ तीन आठवडे. तेवढे दिवस किराणा दुकान बंद ठेवलं तर बांधलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दारी जातं. त्यात आषाढ म्हणजे शाळा नुकत्याच सुरू झालेल्या, घरात फीची, वह्या-पुस्तकांची ओढाताण. म्हणून त्यांची वारी धापेवाड्याची.

नागपूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. धापेवाडा कळमेश्वर तालुक्यात आहे, विदर्भाची पंढरी म्हणतात त्याला. तिथल्या नदीचं नावही चंद्रभागाच. कोलबास्वामींच्या भक्तीनं हे गाव ओळखलं जातं. आषाढी उरकली, गुरुपौर्णिमा झाली की पांडुरंग पंढरपूर सोडून इथे येतो अशी श्रद्धा आहे, त्यामुळे यात्रा एकादशीला नाही, वद्य प्रतिपदेला भरते. बाबा म्हणायचे, "ज्याले जाता येत नाही त्याच्यापाशी तो येते."

पौर्णिमेच्या रात्री हिशेब आटोपून, शटर ओढून ते दिंडीत सामील व्हायचे. प्रतिपदेला दर्शन, मग एसटीनं परत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरच्या महाल भागातलं दुकान नेहमीच्या वेळेला उघडं. माघात ते गेले. यंदा त्यांचे टाळ घेऊन मी चालले.

बडकस चौकातून सीताबर्डी, सदर, काटोल नाका. शहराचे दिवे मागे पडले आणि गोरेवाड्याच्या जंगलाच्या कडेनं ओला, गार वारा लागला. दिंडीत निम्मी माणसं दुकानाची गिऱ्हाइकं निघाली. अभंग थांबला की बाबांची गोष्ट सुरू व्हायची. एक काकू म्हणाल्या, "बाई, तुझे बाबा दगडफूल हातावर चुरून वास घ्यायला लावत. जुनं असलं तर इकतच नव्हते." खरं आहे ते. स्वतः माळकरी, पण आमच्या मोहल्ल्यातल्या सावजी घरांचा मटणाचा मसाला त्यांच्याकडूनच जायचा. खसखस किती, धने किती, भिवापुरी मिरची किती, सगळं त्यांना तोंडपाठ. मस्कासाथेतून माल आणला की पोतं उघडून आधी मूठभर नाकाशी धरायचे.

आम्ही भावंडं त्या पोत्यांवर बसूनच पाढे शिकलो. पावकी, निमकी, दिडकी तराजूपुढे. माडीवर आजोबांच्या काळातली शेराची वजनं पडलेली होती. 1962 साली मेट्रिक वजनं सक्तीची झाली तेव्हा बाबा शाळकरी पोर होते. शेराचा भाव किलोत कसा बसवायचा हे तेच आजोबांना रोज संध्याकाळी करून दाखवत. तेव्हापासून ते गल्ल्याशी बांधले गेले. तान्ह्या पोळ्याला मोहल्ल्यातली पोरं लाकडी बैल घेऊन दुकानासमोर रांग लावायची. एकाही पोराला बोजाऱ्याशिवाय जाऊ दिलं नाही त्यांनी. बैल सजवलेला असो की नुसता रंग उडालेला, पैसे सगळ्यांना सारखेच.

फेटरीच्या पुढे पावसाची सर आली. प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेऊन चालताना मला आईच्या ऑपरेशनचे दिवस आठवत राहिले. पंढरपूरसाठी तीन आठवडे न मिटणारं ते दुकान तेव्हा महिनाभर बंद होतं. आत्या म्हणाल्या, मी थांबते तिच्यापाशी, तू दुकान पाह्य. बाबांनी ऐकलं नाही. सकाळी आईची वेणी घालायचे, वेडीवाकडी, आणि आई ती तशीच ठेवायची. मुगाची पातळ खिचडी स्वतः शिजवायचे. कितीतरी गिऱ्हाइकं तुटली, त्याबद्दल घरात एक शब्द निघाला नाही. पुंडलिकानं देवाला विटेवर थांबवलं ते आईबापाच्या सेवेसाठी, हे कीर्तनात कितीदा ऐकलं होतं. त्या महिन्यात बाबांना पाहून मला ती कथा पहिल्यांदा पटली.

कळमेश्वरला पहाट झाली. चहा, पोहे, पायांना खोबरेल. इथून पुढे रस्त्याच्या कडेला संत्र्यांच्या बागा लागतात, आंबिया बहाराची हिरवी फळं पानांत लपलेली. विणेकरी बुवांनी तिथे उधारीच्या वहीची गोष्ट काढली. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, तशी तुम्ही वही कधी बुडवणार, असं त्यांनी बाबांना विचारलं होतं म्हणे. बाबा म्हणाले, "तेवढं बळ माह्यात नाही, बुवा. लेकरं शिकवाची आहेत. पण मेलेल्याचं पान मी ठेवत नाही." हे मला माहीत होतं. गिऱ्हाईक वारलं की तेरवीला जायचे आणि परत येऊन त्याचं पान फाडायचे. घरच्यांकडे कधी रक्कम काढली नाही. नोटाबंदीच्या महिन्यात तर गल्ला रिकामा आणि वही भरलेली. तरी तेल-मिठावाचून कोणाला परत धाडलं नाही. मोठमोठ्या धर्मादायाच्या पाट्या मी पाहिल्या आहेत. मला ती फाटकी वही त्यांहून मोठी वाटते.

धापेवाड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. खेड्यापाड्यांच्या दिंड्या एकामागून एक येत होत्या, चंद्रभागेवर बायकांची आंघोळीची गर्दी. रांगेत उभी असताना भावाचा फोन आला. एक म्हातारे गृहस्थ दुकानात येऊन तीनशे रुपये ठेवून गेले होते, बाबांची जुनी उधारी म्हणून. वहीत त्यांचं नाव सापडत नव्हतं. भाऊ विचारत होता, काय करू?

मी म्हटलं, त्यांच्या नावानं नवं पान उघड आणि तीनशे जमा लिही, पुढचा किराणा त्यातून जाऊ दे. तो बरं म्हणाला. रांग पुढे सरकली. पुढच्या वर्षी वारीला भाऊ येणार आहे. त्या दोन दिवसांत दुकान मी सांभाळीन.