ओव्हरऑल ९० चे तीन रिसीव्हर असूनही पासिंग का अडतं

मॅडन या अमेरिकन फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये फ्रँचाइझी मोडला, म्हणजे अख्खी टीम चालवताना, सीझनआधी रोस्टर (खेळाडूंची यादी) उघडलं की पहिली नजर ओव्हरऑलवर, खेळाडूच्या एकूण गुणांच्या आकड्यावर जाते. आपल्या इंदूरच्या मंडळींत तर अदलाबदलीची सगळी घासाघीस त्याच आकड्यावर चालते. पण हा आकडा खेळाडूच्या साच्याप्रमाणे निघतो. डीप थ्रेटच्या (लांब धावून पास घेणाऱ्याच्या) साच्यात वेगाला वजन जास्त, फिजिकलमध्ये ताकदीला आणि गर्दीतल्या कॅचला. म्हणून ९० चे दोघे रिसीव्हर (पास झेलणारे) सारखे नसतात. एकाच साच्यातले तिघे घेतलेत, तर एकाच कामाचे तीन पगार भरताय.

आधी कामं वाटा, मग माणसं बघा. सगळ्यात अवघड जागा एक्स नावाच्या रिसीव्हरची. नियमाप्रमाणे सात जण लाइनवर (खेळ जिथून सुरू होतो त्या रेघेवर) उभे राहावे लागतात आणि एक्स त्यांतला टोकाचा. तो मागे सरकू शकत नाही, त्यामुळे समोरचा कॉर्नर (रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) थेट त्याच्या छातीवर येतो. पहिल्या ५ यार्डांत धक्काबुक्की चालते, त्यापुढे केली तर फाउल. ते ५ यार्ड कसे पार होतात हे सांगणारा आकडा म्हणजे रिलीज. रिलीज ७० च्या घरात असलेला ९६ स्पीडचा गडी एक्सला उभा केला, की पासची वेळ निघून जाते आणि तो अजून कॉर्नरशी झटापट करत असतो. तोच गडी झेडला, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या रिसीव्हरच्या जागी लावा. झेड लाइनच्या मागे उभा राहतो, मोशनमध्ये (खेळ सुरू होण्याआधी आडवा) धावू शकतो, त्याला मोकळी सुरुवात मिळते.

स्लॉटला (टोकाच्या रिसीव्हरच्या आतल्या जागेला) वेगापेक्षा शॉर्ट रूट (जवळची ठरलेली धाव) आणि कॅच इन ट्रॅफिक (गर्दीतला कॅच) बघा, कारण तिथे बॉल लाइनबॅकरांच्या, म्हणजे मधल्या बचावपटूंच्या घोळक्यात येतो. डेप्थ चार्टमध्ये (कोण कुठे खेळणार त्या तक्त्यात) ही जागा वेगळी असते. ती ऑटोवर न सोडता हातानं भरा.

आता क्वार्टरबॅक (पास फेकणारा) आणि त्याला वाचवणाऱ्यांची लाइन. बॉल हातातून सुटायला साधारण अडीच ते पावणेतीन सेकंद मिळतात, आणि वीस यार्डांपुढचा रूट पुरा व्हायला तीन सेकंद तरी हवेत. टॅकल (या लाइनचे टोकाचे खेळाडू) कच्चे असतील तर डीप रूट ९५ वाला माणूस शोभेचा. अशा टीमला टाइट एंड (लाइनशेजारी उभा राहून अडवणारा आणि पासही झेलणारा) जास्त उपयोगी पडतो, पण त्याचं ब्लॉकिंगही तपासा, नाहीतर तो मैदानात आला की पास येणार हे समोरच्याला आधीच कळतं.

आकडे वाचताना नुसती कॅच टक्केवारी धरून बसू नका. स्ट्राइक रेट सोडून फक्त सरासरी बघण्यासारखं होतं ते. खऱ्या एनएफएलमधलंच (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधलंच) बघा. २०२१ मध्ये रिसीव्हर कूपर कपनं १९१ टार्गेटवर (त्याच्याकडे फेकलेल्या पासवर) १४५ कॅच घेऊन १९४७ यार्ड काढले, म्हणजे कॅच ७६ टक्के. दुसरा रिसीव्हर कॅल्विन जॉन्सननं २०१२ मध्ये दोनशेच्या वर टार्गेट घेतले, कॅच १२२, टक्केवारी साठच्या आसपास, तरी यार्ड १९६४. कप बहुतेक वेळ आतल्या बाजूनं सुटायचा, जॉन्सनकडे लांबचे आणि दोघांच्या गराड्यातले बॉल जायचे. पर टार्गेट यार्ड काढले तर कप दहाच्या जरा वर, जॉन्सन साडेनऊच्या वर. टक्केवारीत सोळा अंकांची दरी, इथे जेमतेम अर्ध्या यार्डाची.

प्रीसीझनच्या तीन मॅचमध्ये एखाद्याला पाच-सात टार्गेट मिळतात, त्यावरून काहीही ठरत नाही. ऑफलाइन फ्रँचाइझी असेल तर फाइल सेव्ह करा, इंज्युरी बंद ठेवा, क्वार्टरबॅक तोच ठेवून अख्खा सीझन चार-पाच वेळा सिम करा, म्हणजे स्वतः न खेळता गेमला खेळवू द्या. दर वेळी पर टार्गेट यार्ड आणि ड्रॉप लिहून घ्या. ड्रॉप आणि इनकम्प्लिट वेगळे मोजा हं. ड्रॉप म्हणजे हातातून सुटलेला कॅच, तो हाताचा दोष; इनकम्प्लिट म्हणजे पुरा न झालेला पास, तो बऱ्याचदा फेकणाऱ्याचा किंवा लाइनचा.

खरे सामने बघत असाल तर आपल्याकडे रविवारी रात्री साडेदहाला, इंदूरच्या सराफ्यात खाणाऱ्यांची गर्दी चढते तेव्हा, पहिला लॉट सुरू होतो. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की साडेअकराला. बॉल सोडून एक्सकडे बघा, कॉर्नर त्याच्या किती जवळ उभा आहे ते.

५३ च्या रोस्टरमध्ये पाच किंवा सहा रिसीव्हर पुरतात. पाचव्या-सहाव्याला पासिंगमध्ये फारसं मैदान मिळत नाही, म्हणून तिथे ओव्हरऑलपेक्षा किक आणि पंट रिटर्न (समोरच्यानं लाथेनं मारलेला बॉल घेऊन धावणं) येणारा बघा. ७४ चा रिटर्नर ठेवा, ७८ चा नुसता बसून राहणारा कट करा.