स्ट्राविन्स्कीचे हात

गोदावरीला पाणी चढल्याने रविवारी घाटावर बसून स्केचिंग करण्याचा परिपाठ मोडला, म्हणून घरीच पिकासोच्या रेखाचित्रांवर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिल फिरवीत बसलो. समोर होते मे १९२० मध्ये काढलेले संगीतकार इगोर स्ट्राविन्स्कीचे चित्र. छाया नाही, पार्श्वभूमी नाही, नुसती रेषा. त्यामुळे दहा मिनिटांचे काम वाटले. चेहरा, चष्मा, कोटाची किनार झरझर उतरली आणि हातांपाशी पेन्सिल अडली. एकमेकांत गुंतवलेले ते हात चेहऱ्याच्या मानाने भलतेच मोठे आहेत. प्रमाण सांभाळण्याच्या जुन्या सवयीने मी ते जरा लहान केले, तेव्हा कागदावर चष्मा लावलेला कोणी एक सद्गृहस्थ उरला. स्ट्राविन्स्की निघून गेला होता.

त्याच महिन्यात काढलेल्या संगीतकार एरिक सातीच्या चित्रातही मांडीवरचे हात असेच जड आहेत. इतकेच कशाला, १९१० मध्ये कलाविक्रेता कानवायलरचे व्यक्तिचित्र रंगवताना पिकासोने त्याचा चेहरा घनवादी (क्युबिस्ट) पद्धतीने भौमितिक तुकड्यांत फोडला, तरी खालच्या बाजूला त्याचे गुंफलेले हात शोधले की सापडतात.

१९१५ मध्ये पिकासोने कवी माक्स जाकोबचे पेन्सिलने सरळ, जुन्या वळणाचे चित्र काढले, तेव्हा घनवादाच्या काही पाठीराख्यांना ती फितुरी वाटली. मला ती तक्रार पोकळ वाटते. पॅरिसमध्ये नवखा असताना पिकासो जाकोबच्याच खोलीत राहत असे. पलंग एकच, म्हणून एकाने रात्री झोपायचे आणि दुसऱ्याने दिवसा. इतक्या जवळच्या माणसाला ओळखू येईल असे काढावेसे वाटणे यात फितुरी कसली? पुढच्याच वर्षी युद्धात डोक्याला जखम झालेला कवी आपोलिनेर त्याने पट्टी बांधलेल्या डोक्यासह काढला.

१९१७ मध्ये पिकासोने रोममध्ये काढलेले आपले चित्र घेऊन स्ट्राविन्स्की स्वित्झर्लंडला निघाला, तेव्हा कियासोच्या सरहद्दीवर इटालियन अधिकाऱ्यांनी हा कसला तरी नकाशा आहे म्हणून ते अडवले. हा माझ्या चेहऱ्याचाच नकाशा आहे, असे सांगूनही उपयोग झाला नाही. युद्धाच्या दिवसांतला संशय तो. पण नुसत्या रेषेकडे पाहून नकाशा आठवावा, हे अगदीच वेडगळ म्हणता येत नाही.

संध्याकाळी दुसरा कागद घेतला आणि या वेळी हातांपासून सुरुवात केली.