पाणी कुठवर येतं: कृष्णाकाठची रोजनिशी

वाई, शुक्रवार, रात्र

कृष्णाबाईचा उत्सव चालू असताना वाईत खोली मिळणं कठीण. मिळाली ती बाजारपेठेच्या मागे, एका जुन्या वाड्याच्या माडीवर. जिना इतका उभा की बाबा मध्येच थांबून म्हणाले, "हा जिना आहे की शिडी?" पण खिडकीतून नदी दिसते म्हटल्यावर तक्रार मिटली.

बाबांची उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी नदी दिसली की त्यांची नजर आधी काठावर जाते. पाणी कुठवर चढलं होतं त्याची खूण शोधतात. दगडावरचा गाळाचा पट्टा, झाडाच्या बुंध्याला अडकलेली चिंधी, भिंतीचा उडालेला गिलावा. माझा बेत साधा होता. महाबळेश्वरहून उतरणारी कृष्णा धोमपासून कऱ्हाडपर्यंत बघत जायचं, देवळं, घाट, वाडे पाहायचे. बाबांना सोबत घेतल्यावर बेत कुणाचा उरतो हे मला ठाऊक होतंच.

संध्याकाळी घाटावर गेलो. वाईला सात घाट: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. एका घाटाचा उत्सव उरकला की पुढच्याचा सुरू होतो. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी, १६५९ साली, संकट टळू दे, तुझा उत्सव करू असा नवस कृष्णेला बोलला गेला, तेव्हापासूनची ही रीत आहे असं वाईकर सांगतात. खान वाईचाच सुभेदार, त्यामुळे भीती काही परगावची नव्हती. मांडवात ओटी भरायला बायकांची मोठी रांग. माझ्या पुढच्या काकूंनी विचारलं, "कुठल्या आळीच्या तुम्ही?" पुण्याची म्हटलं तर म्हणाल्या, "मग माहेर?" तेही पुणंच. "आजोळ तरी?" मला कुठल्या तरी आळीत बसवल्याशिवाय त्या सोडणार नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, "असू दे, कृष्णाबाई सगळ्यांचीच," आणि प्रसादाच्या पंगतीला ओढून नेलं.

शनिवार, दुपार

सकाळी धोम. वाईतून बाहेर पडलं की पश्चिमेला दरी आवळत जाते, एका बाजूला पांडवगड, पुढे केंजळगड, आणि धरणाच्या पाण्यापलीकडे कमळगड. हळद काढायचे दिवस आहेत. एका शेतात हळद शिजत होती, तो उग्र, मातकट वास रस्ताभर मागे येत राहिला. उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी हाकताना घाई करून उपयोग नव्हता.

धोमच्या देवळाच्या आवारात दगडात कोरलेलं कमळाच्या आकाराचं कुंड आहे, त्यात कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी. कुंड भरलं की कासव पाण्यावर तरंगतंय असं वाटावं, अशी योजना. आम्ही गेलो तेव्हा कुंड कोरडं होतं. तरीही मला ते फार आवडलं, कारण कोरड्या कुंडात कासवाचे पाय नीट दिसतात. बाबा कठड्याला हात लावून पाणी आत यायची आणि बाहेर जायची वाट शोधत बसले.

तिथून धरणाकडे. बाबा भिंतीकडे बघून दोन्ही कालव्यांची, कुठल्या गावापर्यंत पाणी जातं त्याची उजळणी करत होते. वर बलकवडीला आणखी एक धरण आहे. मी म्हटलं, वाईच्या घाटावर पाणी फारच थोडं होतं काल, आणि जे होतं त्यात जलपर्णी. ते म्हणाले, "घाट बांधले तेव्हा वर धरण नव्हतं. पावसाळ्यात पंधराव्या पायरीला पाणी, चैत्रात शेवटच्या. म्हणून एवढ्या पायऱ्या. आता उन्हाळ्यात खालच्या पायऱ्या भिजल्या तर समजायचं धरणातून आवर्तन सुटलं." धरणाने वाईचा घाट ओका केला असं मी म्हणणार होते, पण समोर गहू आणि ऊस उभा दिसत होता. त्याला पाणी कुठून आलं हेही डोळ्यांपुढेच होतं. गप्प बसले.

मेणवली. ह्या गावासाठी मी वर्षानुवर्षं वेळ काढायचं म्हणत होते. १७६८ मध्ये भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी हे गाव नाना फडणवीसांना इनाम दिलं. नानांनी वाडा बांधला, घाट बांधला, देवळं बांधली. एकामागून एक सहा चौक, भिंतींवर चित्रं, आणि मागच्या बाजूने थेट नदीकडे उतरणारी वाट. पुण्याच्या कारभारात अखंड सावध राहिलेल्या ह्या माणसाने इथे जमिनीपासून पाण्यापर्यंत आडपडदा ठेवलेला नाही. त्याच्या इतर वास्तूंत मला तो कधी भेटला नव्हता, इथे भेटला. वाड्यात निघालेल्या कागदपत्रांमुळे 'मेणवली दप्तर' हे नाव अभ्यासकांच्या तोंडी बसलं. मला मात्र कागदापेक्षा पायऱ्यांतच जास्त रस वाटू लागलाय, हा सोबतीचा परिणाम.

घाट चंद्रकोरीसारखा वळलेला. काठाच्या वळणाला अनुसरून पायऱ्या फिरत जातात, त्यामुळे कुठल्याही पायरीवर बसा, समोर पाणी. वर मेणेश्वर आणि विष्णूचं देऊळ, आणि एका छोट्या बांधकामात टांगलेली ती घंटा. तिच्यावर मरियम आणि बाळ येशू आहेत, साल १७०७. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठा सरदारांनी आपापल्या देवस्थानांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्याच मोहिमेतली. आज इथे तिच्याखाली शाळेची पोरं सेल्फी घेत होती. एका पोराने बाईंना विचारलं, "ही कुठली देवी?" बाईंनी "येशूची आई" एवढंच सांगितलं आणि रांग पुढे नेली. मला ते उत्तर पुरेसं वाटलं.

चित्रीकरणासाठी हा घाट इतका वापरला जातो की इथली माणसं कॅमेऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. धुणं धुणाऱ्या बाईने मला फक्त "जरा बाजूला उभ्या ऱ्हावा" म्हटलं, तिच्या चादरीवर माझी सावली पडत होती.

शनिवार, रात्र

ढोल्या गणपतीला संध्याकाळी गेलो. एकाच दगडातली ती अगडबंब मूर्ती, रंगवलेली, समोर उभं राहिलं की गाभारा लहान वाटतो. १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्त्यांनी हे देऊळ बांधलं. शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळ १७५७ चं, आनंदराव भिकाजींचं. दोघे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाईंचे भाऊ. म्हणजे वाईची लेक पेशव्यांच्या घरात गेली आणि माहेरचा काठ घाटा-देवळांनी भरून गेला. पण ते साल बघा. पानिपत १७६१ च्या जानेवारीत. बहिणीचा थोरला मुलगा तिथे पडलेला, नवरा त्याच वर्षी गेलेला, आणि पुढच्या वर्षी भाऊ नदीकाठी एवढं मोठं देऊळ उभं करतो. त्या घरात तेव्हा काय बोलणं होत असेल, ह्याचा विचार मी दर्शनाच्या रांगेत करत होते.

दर्शन झाल्यावर बाबा देवळाच्या मागे गेले ते येईनात. जाऊन बघते तर नदीकडच्या भिंतीवर हात ठेवून उभे. देवळाची मागची बाजू सपाट नाही, माशासारखी निमुळती केली आहे, पुराचा लोंढा येऊन आदळला तर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावा म्हणून. "हे बघ," ते म्हणाले. "पुलाच्या खांबाला आम्ही हेच करायचो. पाण्याला अडवायचं नाही, वाट द्यायची." मूर्तीपुढे त्यांनी हात जोडले होते, पण खरा नमस्कार त्या भिंतीला झाला. आपण सगळे समोरून आत जातो, समोरूनच बाहेर पडतो आणि देऊळ पाहिलं म्हणतो. ह्या देवळाची अक्कल पाठीमागे आहे.

जेवायला जाताना विश्वकोशाच्या कचेरीची चौकशी केली, ती गंगापुरीत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींमुळे मराठी विश्वकोशाचं काम ह्या छोट्या गावात झालं, पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. शनिवार रात्र, कुलूप. पुढच्या खेपेला.

सातारा, रविवार, रात्र

लिंबची बारामोटेची विहीर. महामार्ग सोडून आत वळलं की शेतं, आणि शेतांत काही नाहीच असं वाटत असताना जमिनीत एक दार. शिलालेख सांगतो, शके १६४१ ते १६४६ ह्या काळात वीरूबाईंनी ती बांधवली. सातारच्या छत्रपती शाहू महाराजांच्या त्या मर्जीतल्या. वरून पाहिलं तर विहिरीचा आकार शिवलिंगासारखा, खोली एकशे दहा फुटांच्या आसपास, आणि पायऱ्या उतरून गेलं की मधोमध चक्क महाल. खांबांवर गणपती, हनुमान, कमळं, घोडेस्वार. भिंतीवर पंजात हत्ती धरलेले वाघ. वर बसायची जागा, वारा थेट अंगावर.

महाल सगळे बघतात. बाबा मोटांच्या जागा बघत होते. बारा मोटा एका वेळी चालायच्या, आणि त्या पाण्यावर मोठी आमराई जगायची असं गावात सांगतात. बाबांनी लहानपणी मोट पाहिली आहे. बैल धावेच्या उतारावरून खाली उतरले की मोट वर येते, तिच्या सोंडेतून पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडीत, पडतं, आणि बैल मागे सरकत पुन्हा वर. हे सांगताना त्यांनी विहिरीच्या काठावर बैलासारखी मागे पावलं टाकून दाखवली, मी घाबरून त्यांचा शर्ट धरला. "बारा मोटा म्हणजे चोवीस बैल, निदान बारा गडी. एवढा गलका चालू असताना खाली महालात बसणारा माणूस काय शांत बसत असेल?" हा प्रश्न मला कुठल्याच माहितीफलकावर दिसला नाही.

मी विचारलं, नदी इतक्या जवळ असताना विहीर का? तर म्हणाले, नदी खोल काठांत वाहते, पंप नव्हते, झाडांजवळ पाणी हवं. शिवाय नदीचाच पाझर विहिरीला मिळत असणार. त्यांचा अंदाज आहे, पण मला पटला.

दुपारी माहुली. इथे वेण्णा येऊन कृष्णेला मिळते. काळ्या दगडाचं विश्वेश्वराचं देऊळ १७३५ चं, श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. रामशास्त्री प्रभुणे इथले. संगमाजवळ सातारच्या राजघराण्यातल्या समाध्या आहेत, आणि शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचीही. वाघापासून धन्याला वाचवल्याची खंड्याची गोष्ट इथलं कुठलंही पोर सांगतं. शाहू १७४९ च्या डिसेंबरात गेले, आणि त्यांच्या राणी सकवारबाई इथे सती गेल्या. त्यांना त्या वेळच्या राजकारणाने चितेवर ढकललं असं इतिहासकार लिहितात. ती गोष्ट मात्र मला पोरांनी सांगितली नाही, गुरवांनी नाही, चहावाल्यानेही नाही. कुत्र्याची समाधी विचारली की दहा बोटं वर होतात.

येताना कंदी पेढे घेतले. डॉक्टरांनी बाबांना गोड बंद सांगितलंय. त्यांनी एक खाल्ला, मी बघितलं नाही असं दोघांनी ठरवलं.

कऱ्हाड, सोमवार

प्रीतिसंगम. दक्षिणेकडे वाहत आलेली कृष्णा आणि उत्तरेकडे वळलेली कोयना, दोघी समोरासमोर येतात आणि एकमेकींना भिडून पूर्वेला निघतात. अशी समोरासमोरची भेट क्वचित. दोघीही महाबळेश्वरच्या, पण कोयनेचं बरंच पाणी पोफळीकडे वळवून वीज केली जाते आणि ते कोकणात उतरतं. म्हणजे एकाच डोंगरातलं पाणी, काही अरबी समुद्राला, बाकीचं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला. महाबळेश्वरहून अरबी समुद्र सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटर. कृष्णा चौदाशे किलोमीटरचा वळसा घालते.

काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी, बाग, भेळेच्या गाड्या. बाबा यशवंतरावांच्या समाधीपुढे बराच वेळ उभे राहिले. त्यांच्या पिढीला ते नाव वेगळं आहे. मग लगेच कामाला लागले: पुरात दोन्ही नद्या एकदम आल्या तर कुणाला आधी जागा मिळणार? जी जोरात, ती. दुसरी मागे तुंबते, आणि तुंबलेलं पाणी गावात शिरतं. २०१९ चा पूर आठवून त्यांनी मला हवेत बोटाने निळी रेषा आणि लाल रेषा काढून दाखवली. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. "आणि तरी लोक निळ्या रेषेच्या आत प्लॉट घेतात," म्हणाले. बागेतल्या बाकावर बसलेल्या एका आजोबांनी ते ऐकलं आणि विचारलं, "साहेब, तुम्ही खात्यात होता काय?" मग दोघांचा तासभर वाद. कुठल्या साली पाणी कितव्या पायरीला होतं, ह्यावर. आजोबा आकडे पुराच्या सालाने सांगत नव्हते, घरातल्या लग्नांच्या सालाने सांगत होते.

दुपारी आगाशिवचा डोंगर. जखिणवाडीच्या बाजूने बौद्ध लेणी, साठाहून जास्त, इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतली. चैत्य, भिक्षूंच्या खोल्या आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी. बाबा अर्ध्यावर थांबले, मी वर जाऊन फोटो काढून आणले. खाली खोरं पसरलेलं, ऊसच ऊस, आणि त्यात संगमाचा चकाकता कोन. मी टाक्यांचे फोटो दाखवले. पावसाचं पाणी डोंगरावरच साठवायचं, म्हणजे रोज खाली नदीला जायला नको.

बाबांनी चष्मा पुसून फोटो मोठा करून पाहिला. मग खाली संगमाकडे, मग पुन्हा डोंगराकडे. "लाल रेषेच्या बरंच वर आहेत," म्हणाले. "ह्यांना परवानगी मिळाली असती."