आमची वाटचाल : गब्बूच्या गुरगुरीपासून

2015 च्या पावसाळ्यात आमच्या गब्बूने, म्हणजे घरच्या लॅब्रेडोरने, माझ्या सासऱ्यांच्या हाताला कडकडून चावा घेतला. पहिली पावती मी फाडली ती त्यानंतर दोन वर्षांनी, पण कुत्र्यांना त्यांच्या घरी जाऊन शिकवायच्या आमच्या कामाची सुरुवात कधी झाली असं कुणी विचारलं की मी तोच दिवस सांगते.

गब्बू सहा-सात महिन्यांचा असताना मोजे, टॉवेल, कागद, जे सापडेल ते तोंडात धरून सोफ्याखाली शिरायचा आणि काढून घ्यायला गेलं की गुरगुरायचा. घरात तीन वर्षांचा मुलगा, त्यामुळे आम्ही घाबरलो. कुणीतरी सुचवलं म्हणून शहराबाहेर एका ठिकाणी त्याला 45 दिवस ट्रेनिंगला ठेवलं. परत आला तो अगदी शिस्तीत. बस म्हटलं की बसायचा, थांब म्हटलं की थांबायचा. गळ्याभोवतीचे केस झडले होते, तिकडे आम्ही लक्ष दिलं नाही. गुरगुरणं पूर्ण बंद झालं होतं ना! सोसायटीत मी त्याचं कौतुक सांगत फिरले.

चौथ्या आठवड्यात बाबा, म्हणजे माझे सासरे, पेपर वाचता वाचता खाली पडलेला कागदी नॅपकिन उचलायला वाकले. गब्बू शेजारीच होता. त्याने आवाज केला नाही, दात दाखवले नाहीत, सरळ चावला. हात नळाखाली धरून साबणाने 15 मिनिटं धुतला, मग दवाखाना, मग महिनाभर इंजेक्शनच्या तारखा. दवाखान्यातून परत येताना रिक्षात बाबा म्हणाले, "अगं, आधी गुरगुरला असता तर मी हात मागे घेतला असता. पूर्वी सांगायचा ना तो?"

त्या वाक्याने माझी झोप उडवली. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याचं "जरा लांब राहा". पट्ट्याला हिसके देऊन ते बंद केलं तर आवाज तेवढा जातो. आपल्या तोंडातली वस्तू जाणार ही भीती तशीच आत राहते. आम्ही पैसे मोजून गब्बूची वाचा घालवून आणली होती.

मी तेव्हा ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये एका खाजगी बँकेत होते. संध्याकाळी घरी आले की वाचत बसायचे. पावलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाचं नाव शाळेत ऐकलेलं. त्याला 1904 चं नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी, आणि अन्न समोर येण्याआधीच कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटतं हे त्याच्या ध्यानात आलं ते त्याच कामाच्या ओघात. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पुढे दाखवलं की ज्या वागण्यातून प्राण्याला काही चांगलं मिळतं ते वागणं तो पुन्हा करतो. वाचायला सोपं, घरात करायला अवघड. म्हणून रविवारी कुत्र्यांना शिकवणाऱ्या एका अनुभवी बाईंबरोबर त्यांच्या गिऱ्हाइकांकडे जायला लागले. दीड वर्ष एक पैसा न घेता त्यांच्या पिशव्या उचलल्या. 2017 मध्ये नोकरी सोडली तेव्हा माझी आई आठ दिवस माझ्याशी धड बोलली नव्हती. "बँकेतली खुर्ची सोडून कुत्र्यांच्या मागे?" तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पहिल्या वर्षी स्कूटीचं पेट्रोल सुटेल एवढीच कमाई होती.

पहिल्या दिवशी दोन गोष्टी ठरवल्या, त्या आजही तशाच आहेत. कुत्र्याला घरापासून तोडून आम्ही कुठेही ठेवणार नाही, त्याच्याच घरी जाऊन शिकवणार. आणि चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी), काट्यांचा पट्टा, शॉक देणारा पट्टा यांना हात लावणार नाही. यामुळे बरीच कामं गेली. "तुम्ही महिनाभर घेऊन जा आणि तयार करून आणून द्या," असं म्हणणारे लोक आजही आठवड्याला एक-दोन तरी असतात. त्यांना मी शांतपणे नाही सांगते. महिनाभराने कुत्रा त्याच घरात, त्याच माणसांत परत येणार असतो. माणसं तीच राहिली तर कुत्र्याने एकट्याने काय काय बदलायचं?

पहिल्या भेटीत मी कुत्र्याला हातही लावत नाही. सोफ्यावर जरा तिरकी बसते, त्याच्या डोळ्यांत बघत नाही, चहा घेते आणि घरातल्या प्रत्येकाला त्याला एकदा बसवायला सांगते. पाचपाखाडीतलं एक घर मला कायम आठवतं. आठ महिन्यांची गोल्डन रिट्रीव्हर, तक्रार अशी की "ऐकतच नाही". आजी म्हणाल्या "बस". मुलगा म्हणाला "सिट". सून म्हणाली "सिट डाऊन, डाऊन". कामाच्या मावशी म्हणाल्या "बैठ जा". आणि आजोबा सोफ्यावरून उतरवताना तिला म्हणायचे, "चल, खाली बस." ते पिल्लू प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून जांभया देत होतं, जीभ नाकावरून फिरवत होतं. झोप आलेली नसताना दिलेली जांभई, खायला काही नसताना चाटलेले ओठ, तोंड बाजूला वळवून डोळ्याच्या कडेने बघणं: ही सगळी ताणाची लक्षणं. तिला हट्टी म्हणत होते आणि ती बिचारी गोंधळली होती. त्या दिवशी मी वहीचं पान फाडून त्यावर पाच शब्द लिहिले. बस, थांब, ये, सोड, उतर. प्रत्येक शब्दाचा एकच अर्थ, घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा. पान फ्रिजवर चुंबकाने लावलं. तेव्हापासून प्रत्येक घरात आम्ही आधी ते पान लावतो, पट्टा नंतर हातात घेतो. आमच्या शिकवण्यात सगळ्यात उपयोगी काय असं मला विचाराल, तर मी ते पान दाखवेन.

शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश आहे, हाही असाच एक समज. 2007 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी मोजून दाखवलं की मालक दिसला की कुत्र्याची शेपूट त्याच्या उजव्या बाजूला जास्त झुकते आणि दांडगा अनोळखी कुत्रा दिसला की डाव्या. घरी बसून डावं-उजवं मोजायची गरज नाही. पण शेपूट ताठ, उंच आणि भराभर हलत असेल, बाकी अंग लाकडासारखं झालं असेल, तर मुलांना पुढे जाऊ देऊ नका. आणि "भुंकणारा कुत्रा चावत नाही" या म्हणीवर तर कृपा करून विसंबू नका. घाबरून भुंकणाऱ्या कुत्र्याला पळायला जागा उरली नाही, तर तो चावतो.

"मॅडम, त्याला कळलं पाहिजे मालक कोण ते," हे वाक्य मी ठाण्याच्या प्रत्येक भागात ऐकलंय. ही कल्पना आली लांडग्यांवरून. शेंकेल नावाच्या अभ्यासकाने 1947 मध्ये बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांबद्दल लिहिलं, की ते कळपातल्या वरच्या जागेसाठी झगडतात. डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1970 मध्ये तीच कल्पना आपल्या लिखाणात घेतली. पुढे त्यानेच रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे साधं कुटुंब असतं: आई, बाप आणि त्यांची पोरं. म्हणजे मालक कोण ते दाखवायला कुत्र्याला उताणं पाडून छातीवर दाबून धरण्यामागचा आधारच गेला. हे सांगितलं की काही पुरुष मंडळींचा चेहरा पडतो. मी तरी सांगते, कारण असं दाबून धरलेल्या कुत्र्याने मालकाच्या तोंडाला चावल्याची दोन प्रकरणं मी स्वतः हाताळली आहेत.

चरईतल्या एका जुन्या घरातली गोष्ट. दत्तक घेतलेला देशी कुत्रा, रस्त्यावर वाढलेला. पोळी मिळाली की ती घेऊन पलंगाखाली जायचा आणि कुणालाही जवळ फिरकू द्यायचा नाही. धाकटा मुलगा काठीने पोळी ओढून काढायचा, म्हणजे "सवय मोडेल". मी समजावत होते की काढून घेऊ नका, वर काहीतरी द्या. माणूस जवळ आला की आपलं जात नाही, उलट भर पडते, हे त्याला कळू दे. मुलाला पटेना. तेवढ्यात देवघरातून आजी म्हणाल्या, "अरे, नामदेवांनी काय केलं होतं? कुत्रं भाकरी घेऊन पळालं, तर ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. कोरडी खाऊ नकोस म्हणाले. काठी घेऊन धावले का?" मी वही बंद केली. दुसऱ्या दिवसापासून आजींनीच काम हाती घेतलं. पलंगापासून चार हात लांब उभं राहायचं, पनीरचा तुकडा टाकायचा, मागे फिरायचं. दर दोन-तीन दिवसांनी एक पाऊल जवळ. सहाव्या आठवड्यात तो कुत्रा पोळी तोंडात धरून स्वतःच आजींकडे आला. तेव्हापासून या पद्धतीला आमच्याकडे "तुपाची वाटी" म्हणतात.

एक चूक मात्र सांगितली पाहिजे. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या दहा दिवस आधी वर्तकनगरमधल्या एका पॉमेरेनियनला फटाक्यांची सवय करायला घेतली. वेळ कमी म्हणून स्पीकरवर आवाज पहिल्याच दिवशी मोठा लावला. ती पलंगाखाली गेली ती दोन दिवस नीट जेवली नाही. त्या दिवाळीत तिची अवस्था आधीपेक्षा वाईट झाली आणि ती माझ्यामुळे झाली. पैसे परत केले, पण ते डोळे अजून दिसतात. आपल्याला ऐकू येते ती मर्यादा साधारण 20,000 हर्ट्‌झची. कुत्र्याचे कान 40,000 च्याही पलीकडे जातात. आता आम्ही श्रावणातच सुरुवात करतो. आवाज इतका बारीक की कुत्र्याचा कानसुद्धा हलू नये, सोबत चिकनचा तुकडा, दिवसाला पाच मिनिटं. गणपतीतल्या ढोल-ताशांपर्यंत निम्मा रस्ता कापलेला असतो. दिवाळीच्या पंधरवड्यात आलेलं आवाजाचं नवं काम मी घेत नाही. फक्त खोली कशी बंद करायची, फिरायला किती वाजता न्यायचं, औषधासाठी पशुवैद्यांना कधी विचारायचं, एवढं फोनवर सांगते, त्याचे पैसे लावत नाही.

2020 च्या लॉकडाउनमध्ये काम थांबलं. तीन महिने शून्य. तेव्हाच घरोघरी पिल्लं येत होती. पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ जग ओळखायचा असतो, आणि या पिल्लांनी तेवढ्यात पाहिले ते मास्क लावलेले चेहरे आणि दिवसभर घरात असलेली माणसं. पुढे ऑफिसं उघडली आणि आमचा फोन थांबेना. वाघबीळला चौदाव्या मजल्यावरचा एक बीगल जातीचा कुत्रा, मालक लिफ्टमध्ये शिरला की रडायला लागायचा, संध्याकाळपर्यंत. सोसायटीची नोटीस आली, सेक्रेटरी म्हणाले कुत्रा काढा. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर किंवा लिफ्टमधून नेण्यावर बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्येच स्पष्ट केलंय. तो कागद मी मालकांना दिला. पण शेजारच्या फ्लॅटमधल्या आजारी काकांना त्या कागदाने झोप लागणार नव्हती, त्यांची तक्रारही खरीच होती.

मग रोज किल्ल्या उचलायच्या आणि सोफ्यावर बसून राहायचं. बॅग खांद्याला लावायची आणि भाजी चिरायला घ्यायची. किल्ल्यांचा आवाज म्हणजे एकटेपण, ही गाठ आधी सोडवायची होती. मग दार उघडून पाच सेकंद बाहेर, आत. दहा सेकंद. जुना मोबाईल कॅमेरा म्हणून टीव्हीवर ठेवला आणि मालक जिन्यात बसून त्यात बघायचे. त्या काळात दिवसा त्याला मालकांच्या आईकडे ठेवावं लागलं, कारण मध्येच एकदा जरी तो तासभर रडला असता तरी सगळं मागे गेलं असतं. अडीच महिन्यांनी तो चार तास झोपून राहिला. मालकांनी पेढे आधी त्या शेजारच्या काकांकडे नेले.

आज आम्ही तिघं आहोत. कळव्याचा एक मुलगा, जो आधी सकाळी कुत्रे फिरवायचा आणि ज्याचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, आणि डोंबिवलीची एक मैत्रीण, आधी नर्स होती. तिच्यामुळे एक फार चांगली सवय लागली. वागणं अचानक बदललं असेल तर ती आधी तपासणीला पाठवते. कान दुखत असेल, दात हलत असेल, तर शिकवून काय होणार? घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमुळे दिवसाला तीन घरांपेक्षा जास्त होत नाहीत, आणि मला जास्त करायचीही नाहीत.

गब्बू आता दहाच्या पुढे आहे. तोंड पांढरं झालंय, मागचे सांधे दुखतात, गोळ्या चालू आहेत. त्या चाव्यानंतर जवळजवळ दीड वर्ष त्याने तोंडातून आवाज काढला नव्हता. मग एका रात्री बूट धरून बसला असताना घशातल्या घशात अगदी बारीक गुरगुरला. मी स्वयंपाकघरातून धावत आले आणि त्याच्यासमोर, लांब, पनीर टाकलं.

परवा संध्याकाळी तो गॅलरीच्या दारात आडवा पसरला होता. बाबांना तुळशीला पाणी घालायला जायचं होतं. त्याला ओलांडायला त्यांनी पाय उचलला तसा तो डोळे न उघडता गुरगुरला. बाबांनी पाय मागे घेतला. "बरं बरं, राहू दे तुझं," म्हणाले, आणि तांब्या घेऊन आतल्या खोलीच्या दाराने वळसा घालून गेले.