तुम्ही विचारलंत म्हणून : शिवणाच्या गर्दीत वाकळ कशी होते?

"हातात एवढी शिवणं असताना वाकळेला वेळ कुठून काढता? आणि घरातली सगळी माणसं तिच्याभोवती कशी काय बसतात?" ब्लाउज न्यायला आलेल्या बायका आत पसरलेली वाकळ, म्हणजे हातानं टाके घातलेली गोधडी, बघतात आणि हटकून हे विचारतात. उंबऱ्यात उभ्याउभ्या सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी कामाचं सांगते. आमचं घर वडगावात, बेळगावच्या विणकरांच्या भागात. मी घरीच शिवते : ब्लाउज, परकर, फॉल-पिको, शाळेचे युनिफॉर्म. सीमेवर राहत असल्यामुळे युनिफॉर्मची घाई आमच्याकडे दोनदा येते. कर्नाटकातल्या शाळा मेअखेरीला नाहीतर जूनच्या पहिल्या आठवड्यात उघडतात. चंदगड तालुका महाराष्ट्रात, तिकडच्या शाळा १५ जूनच्या आसपास. इकडचा गठ्ठा हातावेगळा होतोय तोवर तिकडची गिऱ्हाइकं दारात. त्याआधी लग्नसराई, त्यानंतर श्रावण, मग गणपती. रिकामा महिना असा नसतोच. सवड मिळाली की वाकळ घालू, असं म्हणत बसलं तर ती कधीच होणार नाही.

ती होते, कारण तिला सवड लागतच नाही. ब्लाउजला माप असतं, तारीख असते. मुंढा, म्हणजे खांद्याशी बाहीचा जोड, अर्धा लावून उठलं आणि दुसऱ्या कुणी तो पुरा केला, तर बहुतेक वेळा उसवावाच लागतो. वाकळेला दोन ओळी टाके घालून उठा, काही बिघडत नाही. गिऱ्हाईक आत ब्लाउज घालून बघतंय तेवढ्यात एक ओळ होते. करंट गेला, मशीन थांबलं, की दिवसाउजेडी दारात बसून चार ओळी होतात. आणि एकटीनं घातलेल्या वाकळेपेक्षा चौघांनी चार बाजूंनी धरलेली वाकळ जास्त ताठ राहते, तिला सुरकुती पडत नाही. म्हणजे ती घरच्यांना आपणहून बोलावते. मी कुणाला शिकवायला बसवलं नाही. जमिनीवर अंथरली, सुया ओवून ठेवल्या, एवढंच.

म्हणून आमच्या घरी दोन गोष्टी पक्क्या आहेत. वाकळ मशीनवर चढत नाही आणि तिला तारीख लागत नाही. मशीनवर गेली की ती माझ्या एकटीची होईल. तारीख लागली की तीही एक ऑर्डर होऊन बसेल.

आता कापड. या बाबतीत मी फार काटेकोर आहे. खाली अस्तराला जुनं सुती नऊवारी लुगडं हवं. नऊवारी म्हणजे साधारण ८ मीटर. २ मीटरचे ४ पदर केले की एका माणसाच्या वाकळेचं अंग तयार. वरच्या चौकटींना ब्लाउजची कातरणं. त्यात टू बाय टू, म्हणजे ब्लाउजचं सुती कापड, सगळ्यात चांगलं : मऊ, रंगाला पक्कं, सुई लोण्यात गेल्यासारखी जाते. युनिफॉर्मचं टेरिकॉट मी घेत नाही. बोटं दुखतात आणि अंगावर ऊबही येत नाही. नायलॉनच्या साड्या तर पदरावर पदर ठरतच नाहीत, सरकत राहतात. गुळेदगुड्डच्या खणाचे तुकडे दिसायला देखणे, पण लाल-जांभळा रंग सुटू शकतो. मिठाच्या पाण्यात भिजवून, पांढऱ्या फडक्यावर घासून बघितल्याशिवाय मी ते लावत नाही. सूनबाई गोकाककडची, तिच्या माहेरी कौदी शिवतात, म्हणजे तिकडची वाकळच. इरकली लुगडं विटलं तरी पदर टिकतो, तो कडेला लावायचा, हे तिनं आणलं. आमच्या वाकळा तेव्हापासून लाल काठाच्या झाल्या.

पदर अंथरून, हातानं ताणून, आधी लांब लांब टाक्यांनी धरून घ्यायचे. मग कडेनं धावदोरा सुरू करायचा आणि आत आत यायचं. मधल्या भागात हात पोचत नाही, तेव्हा वाकळेवरच मांडी घालून बसायचं. दोरा हातभरच घ्यावा. लांब घेतला की पीळ पडतो, तुटतो. तुटला की आमच्या घरी हाक जाते ती ह्यांना. ह्यांची उभी हयात मागावर गेली. तुटलेली दोन टोकं ते अंगठ्याखाली एकावर एक आडवी धरतात, एक टोक वळसा देऊन खाली घालतात, ओढतात आणि जास्तीचा दोरा कापतात. गाठ इतकी बारीक की दोन पदरांच्या मध्ये गुडूप होते. सुरुवातीला ते गाठीपुरतेच यायचे. हल्ली गाठ मारून झाली तरी सुई हातातून खाली ठेवत नाहीत.

कोपरे मात्र आमचे नाहीत. यल्लापूर-हल्याळच्या बाजूला आणि आपल्या खानापूर तालुक्यातही सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची वाकळ, शिवतात, तीही कडेपासून मध्याकडे. चारी कोपऱ्यांवर कापडाचे तुकडे त्रिकोणी दुमडून, एकावर एक ठेवून फूल करतात. फुलाशिवायची कवंदी त्यांना उघडीबोडकी वाटते. माझ्या मते यापेक्षा सुंदर कोपरा कुणी केलेला नाही. आम्ही तो लावतो आणि विचारणाऱ्याला तो कुणाचा आहे हेही सांगतो.

लेक पुण्याला नोकरी करते. सबंध वाकळ तिथं न्यायची सोय नाही, म्हणून मी कातरणं चौकोनी कापून, इस्त्री करून देते. ती चार-चार तुकडे हातानं जोडून गणपतीला येताना घेऊन येते. तिची शिवण बारीक आणि घट्ट. नातीची अजून बोटभर लांब, वर-खाली जाणारी. तिचे टाके उसवून परत घाला, असं मला पुष्कळ जणी सांगतात. मी उसवत नाही. धावदोऱ्याचं काम पदर धरून ठेवायचं, ते लांब टाकाही करतो. अगदीच सैल असेल तर शेजारून एक ओळ माझी घालते. उसवलेले टाके मुलाच्या लक्षात राहतात, मग ते पुन्हा सुईला हात लावत नाही.

टिकतात का, असंही विचारतात. घटस्थापनेच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची आमची रीत. पूर्वी खानापुरात, माझ्या माहेरी, मलप्रभेवर नेऊन दगडावर आपटायचे. आता गच्चीवर टबात पायानं तुडवतो. भिजलेली वाकळ पिळायला दोन माणसं लागतात, तरी पाणी निथळत राहतं. त्या मारातून सुती वाकळ वर्षानुवर्षं निघते. फाटली तर वर नवं कापड घालून पुन्हा टाके. आमच्याकडच्या एका वाकळेत सासूबाईंचं लुगडं आहे, त्याच्या खाली त्यांच्या सासूबाईंचं.

तारखेची सूट फक्त बाळाच्या दुपट्याला. बारसं बाराव्या दिवशी, ते कुणासाठी थांबत नाही. तेव्हा गिऱ्हाइकांना मी सरळ सांगते की ब्लाउज दोन दिवस उशिरा मिळेल. कुणी रागावल्याचं आठवत नाही.

राहिला शेवटचा प्रश्न : पैसे घेऊन शिवून द्याल का? सूनबाईचं म्हणणं, द्यावी; मागणी आहे आणि हातही आहेत. तिचं चुकत नाही. पण मी नाहीच म्हणते, कारण ऑर्डरची वाकळ झाली की नातीचे टाके मला खरोखरच उसवावे लागतील. त्यापेक्षा तुमच्या आईची लुगडी धुऊन, खळ काढून घेऊन या. रविवारी दुपारी मशीन बंद असतं. घरातलं एखादं माणूस बरोबर आणा, दुसरी बाजू धरायला. सुया-दोरा आमच्याकडे आहे, गाठीला हे आहेतच.