मुंबईत ग्रीन कार्ड हरवलं तर : पोलीस ठाणं, बीकेसी आणि परतीचं विमान

सुट्टीत घरी आलेल्या माणसाचं ग्रीन कार्ड मुंबईत हरवलं की घरात पहिला प्रश्न निघतो, 'आता अमेरिकेत परत घेतील का?' घेतील. कार्ड हा स्थायी रहिवासाचा पुरावा आहे. तो हरवला म्हणून रहिवास जात नाही. खरी अडचण येते ती विमानतळावरच्या चेक-इन काउंटरवर. पुरेशी कागदपत्रं नसलेला प्रवासी अमेरिकेत नेला तर विमान कंपनीला दंड बसतो, त्यामुळे काउंटरवरचा माणूस कार्ड बघितल्याशिवाय बोर्डिंग पास देत नाही. त्याच्यापुढे रडून, भांडून काही होत नाही. तो निर्णय त्याच्या हातात नसतो. मुंबईत नवीन कार्ड मिळत नाही. इथे मिळवायचा असतो तो फक्त विमानात बसू देणारा एक कागद, आणि पुढची सगळी धावपळ त्यासाठीच आहे.

धावपळ सुरू करण्याआधी घर नीट शोधा. बऱ्याचदा कार्ड अमेरिकेतल्या घरीच कपाटात राहिलेलं असतं. तसं असेल तर तिथल्या मित्राला सांगून आंतरराष्ट्रीय कुरिअरने, ट्रॅकिंग नंबर घेऊन मागवा. सगळ्यात स्वस्त मार्ग हाच. कार्ड जवळ आहे पण मुदत संपली आहे, अशी मंडळीही उगाच घाबरतात. दहा वर्षांच्या कार्डाची मुदत संपली असली तरी ते दाखवून विमानात बसता येतं. दोन वर्षांचं सशर्त कार्ड असेल तर सोबत मुदतवाढीची नोटीस लागते. आणि इमिग्रंट व्हिसावर पहिल्यांदा अमेरिकेत जाऊन वर्ष झालं नसेल, तर पासपोर्टमधला तो शिक्का मारलेला व्हिसाच प्रवेशाच्या तारखेपासून एक वर्ष कार्डाचं काम करतो. नव्याने गेलेल्या आई-वडिलांच्या बाबतीत हे हमखास लागू पडतं. त्यांच्या पासपोर्टचं ते पान आधी बघा. अर्जाच्या फीचे पावणेसहाशे डॉलर वाचतील.

कार्ड खरंच गेलं असेल तर पहिला मुक्काम पोलीस ठाणं. नेमकं कुठलं, ते वस्तू कुठे गेली यावर ठरतं. लोकलमध्ये किंवा फलाटावर गेली तर स्थानिक पोलीस ठाण्यात जाऊन उपयोग नाही. लोहमार्ग पोलीस म्हणजे जीआरपी गाठायचे. दादर, कुर्ला, ठाणे अशा मोठ्या स्थानकांत त्यांची ठाणी आहेत, हेल्पलाइन १५१२. आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचे जवान वेगळे. तक्रार नोंदवणं हे जीआरपीचं काम. तरी आरपीएफला आणि स्टेशन मास्तरला विचारून ठेवा, कारण गाडीत सापडलेलं सामान त्यांच्याकडे जमा होतं, आणि हरवलेली पाकिटं परत मिळाल्याची उदाहरणं कमी नाहीत. बसमध्ये गेलं असेल तर त्या मार्गाच्या डेपोत चौकशी करा. रस्त्यात किंवा बाजारात गेलं तर त्या हद्दीचं पोलीस ठाणं. मुंबई पोलिसांच्या वेबसाइटवर हरवलेल्या वस्तूची नोंद घरबसल्याही करता येते आणि तिची प्रत लगेच छापता येते. मात्र ती सोय फक्त गहाळ झालेल्या वस्तूंसाठी आहे. पाकीट मारलं असेल तर चोरीचा गुन्हा नोंदवायला प्रत्यक्ष जावं लागतं, आणि एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत द्यावीच लागते. चोरी झालेली असताना 'गहाळ लिहून द्या, लवकर होईल' असा सल्ला मिळाला तर ऐकू नका. पुढे अमेरिकन वकिलातीच्या अर्जात कार्ड कसं गेलं ते लिहायचं असतं, आणि दोन कागदांत दोन गोष्टी निघाल्या की विनाकारण प्रश्न सुरू होतात.

अर्जाचा मजकूर घरून लिहून न्या. इतका पुरतो : 'अमुक तारखेस सायंकाळी ६ ते ७ च्या दरम्यान दादर ते ठाणे लोकल प्रवासात माझे काळ्या रंगाचे पाकीट गहाळ झाले. त्यात अमेरिका सरकारने दिलेले स्थायी रहिवासी ओळखपत्र (ग्रीन कार्ड), क्रमांक अमुक, होते. माझा पासपोर्ट क्रमांक अमुक असून तो माझ्याजवळ आहे.' शेवटचं वाक्य विसरू नका. ते नसेल तर काही ठाण्यांत 'पासपोर्ट व इतर कागदपत्रे' असं ढोबळ लिहितात, आणि पासपोर्टही हरवल्याची नोंद होऊन बसते. दुसरी खबरदारी नावाची. आपल्याकडे पोलिसांच्या दाखल्यावर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव असं लिहितात. अमेरिकन कागदांवर मधलं नाव कधी असतं, कधी अर्धवट असतं, कधी नसतंच. दाखल्यावर पासपोर्टवरचं इंग्रजी स्पेलिंग जसंच्या तसं लिहून घ्या. दाखला मराठीत मिळाला तर त्याचं इंग्रजी भाषांतर जोडा. भाषांतर करणाऱ्याने आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे असं खाली लिहून सही करायची. त्यासाठी नोटरी लागत नाही.

पासपोर्टही त्याच पाकिटात असेल तर आधी तो. वकिलात जो कागद देते तो पासपोर्टच्या पानावरच चिकटवतात, त्यामुळे पासपोर्टशिवाय पुढे सरकताच येत नाही. पासपोर्ट सेवा पोर्टलवर हरवल्याच्या कारणाने फेरअर्ज करायचा, पोलिसांचा दाखला आणि परिशिष्ट 'एफ'चं प्रतिज्ञापत्र जोडायचं. ३६ पानी पुस्तिकेची फी ३,००० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २,०००.

आता मुख्य काम. अर्जाचं नाव आय-१३१ए. ज्यांचं कार्ड हरवलं, चोरीला गेलं किंवा खराब झालं, आणि ज्यांना अमेरिकेबाहेर पडून एक वर्ष झालेलं नाही, त्यांच्यासाठी तो आहे. री-एंट्री परमिट (जास्त काळ बाहेर राहून परतण्याचा आधी घेतलेला परवाना) घेऊन बाहेर पडलेल्यांना दोन वर्षांपर्यंत. त्याहून जास्त काळ बाहेर असाल तर हा अर्ज करून पैसे घालवू नका. तुमचा रस्ता परतणाऱ्या रहिवाशाच्या एसबी-१ व्हिसाचा, अर्ज डीएस-११७.

फी ५७५ डॉलर. ती वकिलातीत रोख घेत नाहीत. यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या) वेबसाइटवर आधी भरायची आणि पावती छापून न्यायची. परत मिळत नाही, अर्ज नाकारला तरी नाही. इथे बरेच जण अडकतात : भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतात आणि पेमेंट नाकारलं जातं. तुमच्या वतीने दुसऱ्याने भरलेली फी चालते, म्हणून अमेरिकेतल्या भावाला किंवा मैत्रिणीला सांगा; पण तपशील अर्जदाराचे टाकायचे, भरणाऱ्याचे नाही. भरण्याआधी त्या दिवशीची रक्कम वेबसाइटवर पाहून घ्या. कुटुंबातल्या दोघांची कार्डं गेली असतील तर दोन अर्ज, दोन फिया. लहान मुलालाही सवलत नाही.

पैसे भरताना आणि अर्जात 'ए' नंबर, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने तुम्हाला दिलेला क्रमांक, लागतो. कार्ड गेलं आणि झेरॉक्स नसली की तोच सापडत नाही. पासपोर्टमधल्या इमिग्रंट व्हिसावर तो नोंदणी क्रमांक म्हणून छापलेला असतो. यूएससीआयएसकडून आलेल्या जुन्या नोटिसांवरही असतो. जुन्या ई-मेलमध्ये वकिलाने पाठवलेले कागद चाळा.

सोबत न्यायचं ते असं : पासपोर्ट, २ इंच बाय २ इंचाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो (आपला ३५ बाय ४५ मिलिमीटरचा चालत नाही, फोटोवाल्याला 'अमेरिकन व्हिसाचा' म्हणून सांगा), फीची पावती, पोलिसांचा दाखला, असेल तर कार्डाची प्रत, परतीच्या तिकिटाचा तपशील. आणि एक कागद लोक हमखास विसरतात : अमेरिकेतून कधी निघालात त्याचा पुरावा. अमेरिका बाहेर जाताना शिक्का मारत नाही. त्यामुळे येतानाचा बोर्डिंग पास, तिकीट आणि मुंबई विमानतळावरचा आगमनाचा शिक्का, हे तिन्ही ठेवा. एक वर्षाची मर्यादा याच्यावरच मोजली जाते.

अमेरिकन वकिलात बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात), जी ब्लॉकमध्ये आहे. ब्रीच कँडीचा जुना पत्ता २०११ पासून बंद. अर्जदाराला स्वतः जावं लागतं. हरवलेल्या ग्रीन कार्डासाठी वेळ कशी घ्यायची ते वकिलातीच्या वेबसाइटवर वाचा. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख धरून बसलात तर महिने जातील. भारतीय सुट्ट्या आणि अमेरिकन सुट्ट्या, दोन्ही दिवशी ती बंद असते. जाताना मेट्रो ३ चं बीकेसी स्थानक आहे, नाहीतर वांद्रे पूर्व किंवा कुर्ल्याहून रिक्षा. सकाळच्या गर्दीत कुर्ल्याकडून येणाऱ्यांनी जास्तीचा वेळ धरावा. मोबाइल, लॅपटॉप, स्मार्ट वॉच, बॅग आत नेता येत नाही आणि आत ठेवायची सोय नसते. कुणाला तरी सोबत न्या आणि सामान त्याच्याकडे द्या. फोन नसणार म्हणजे पावती, नंबर, पत्ते सगळं कागदावर हवं.

अर्ज मंजूर झाला की पासपोर्टमध्ये बोर्डिंग फॉइल, म्हणजे विमानात बसू देणारा तो कागद, लागतं. त्याची मुदत जास्तीत जास्त ३० दिवस, आणि ते एकाच प्रवासासाठी. म्हणून हातात पडण्याआधी नवं तिकीट पक्कं करू नका, आणि पडल्यावर 'गणपती करूनच जाऊ' असंही करू नका. पासपोर्ट मिळताच नाव, जन्मतारीख आणि मुदत तिथेच वाचून घ्या.

तिकीट काढताना मार्ग विचारपूर्वक निवडा. ग्रीन कार्डवाल्या भारतीयांना काही विमानतळांवर ट्रान्झिट व्हिसातून सूट असते, पण ती सूट कार्डाला असते. फॉइलला ती लागू होईल असं धरून चालू नका. लंडनमार्गे जाणाऱ्यांनी यासाठी खास काळजी घ्यावी. थेट विमान मिळालं तर थोडे जास्त पैसे गेले तरी तेच घ्या. अबू धाबीमार्गे गेलात तर अमेरिकन इमिग्रेशन तिथेच उरकतं. चौकशी लांबली तर पुढचं विमान तिथे सुटतं. अमेरिकेत उतरल्यावरही बाजूच्या खोलीत थोडा वेळ बसवतील हे धरून पुढच्या विमानात भरपूर अंतर ठेवा.

कॅनडाचं पीआर (स्थायी रहिवासी) कार्ड हरवलेल्यांना पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट लागतं. अर्ज ऑनलाइन, फी ५० कॅनेडियन डॉलर, आणि मागच्या पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहिल्याचा हिशोब तयार हवा. ब्रिटनमध्ये कार्डांची जागा ई-व्हिसाने घेतली आहे, त्यामुळे जुनं बीआरपी (रहिवासाचं कार्ड) हरवलं तर घाबरायचं कारण नाही. पण इथे नवा पासपोर्ट काढला असेल तर त्याचा नंबर यूकेव्हीआय (ब्रिटनचा व्हिसा विभाग) वेबसाइटवरच्या आपल्या खात्यात बदलल्याशिवाय विमानतळावर जाऊ नका.

अमेरिकेत पोहोचल्यावर लगेच नव्या ग्रीन कार्डासाठीचा आय-९० अर्ज भरा : ऑनलाइन ४१५ डॉलर, कागदी अर्जाला ४६५. कार्ड टपालाने अमेरिकेतल्याच पत्त्यावर येतं. मधल्या काळात घर बदललं असेल तर तो पत्ता आधी यूएससीआयएसला कळवा, नाहीतर नवं कार्ड जुन्या घराच्या पेटीत जाऊन पडेल.